दोन टिंबं आणि वरचा भात

मी छप्पन्न जणांना एक पत्र ईमेलनं पाठवलं आणि त्यातली एकही लिंक चालत नव्हती.

हे मला नऊ दिवस कळलं नाही, कारण माझ्याकडे त्या सगळ्या चालत होत्या. माझ्याकडे सगळंच चालतं. माझ्या घरातलं घड्याळसुद्धा माझ्यापुरतं बरोबर असतं. बायको त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, ती मोबाइल बघते.

पत्र माझं नव्हतं, काकीचं होतं. काकी नात्यानं माझी कोणी नाही. आमचं गाव कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवर, मधून ओढा, ओढ्यावर माणसांपुरता साकव. माझं घर या काठाला, काकीचं त्या काठाला. मोहोपाड्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या हलवून मी निवृत्त झालो, तेव्हा सकाळी फिरायला जायचं म्हणून साकव ओलांडायचो आणि काकीच्या ओटीवर बसायचो. फिरणं तेवढंच.

काकीच्या ओटीवर, उंदरांना पोचता येऊ नये म्हणून, आढ्याला पेंढ्याचा एक मोठा मुडा टांगलेला असायचा. त्यात भाताचं बियाणं. लाल तांदूळ, पुरुषभर वाढणारी रोपं, लांब कुसळं. घरात त्याला 'वरचा भात' म्हणतात. काकीच्या सासूच्या माहेरून आलेलं ते बियाणं, आणि आजूबाजूच्या कुठल्याच घरात आता ते उरलेलं नाही. यंदा काकीचे गुडघे पूर्ण गेले. शेवटचं खाचर मुलानं एका रोपवाटिकेला भाड्यानं दिलं. मुडा तसाच टांगलेला.

"ठेव की पुढच्या वर्षीपर्यंत," मी म्हटलं होतं.

"हे गेल्या सालचं नाय, त्याच्या आदल्या सालचं हाय," काकी म्हणाली. "या साली जमिनीत पडलं तर बियाणं. पुढल्या साली ते नुसतं भात."

म्हणजे रोहिणी लागायच्या आत कोणीतरी ते न्यायला हवं होतं. आमच्याकडे रोहिणीत धूळवाफ करतात, कोरड्या मातीत भात फेकून वर पावसाची वाट बघायची. तोपर्यंत कोणी आलं नाही तर काकी मुडा सोडून गिरणीला पाठवणार होती. "उंदरांच्या तोंडी नाय द्यायचं," एवढंच ती म्हणाली.

कर्जतला मार्गशीर्षात जुन्या बियाणांचं एक प्रदर्शन झालं होतं. तिथे काकीच्या टेबलापुढे उभं राहून छप्पन्न माणसांनी वहीत आपले ईमेल लिहिले होते: "बियाणं असेल तेव्हा कळवा." वही काकीनं माझ्याकडे दिली. मी निवृत्तीनंतर व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकलो आहे, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला दुसरा इलाज नव्हता.

साधं चार ओळींचं पत्र लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला कला दाखवायची होती. काकीच्या भाताची चार पानांची वेबसाइट मी आधीच केली होती: एका पानावर फोटो, एका पानावर लावणीची पद्धत, एका पानावर 'बियाणं हवं' असा अर्ज. त्यातलंच एक पान, हिरवी चौकट आणि मुड्याच्या फोटोसकट, मी उचलून ईमेलमध्ये चिकटवलं. पानातल्या लिंका पानाबरोबर आल्या. अर्जाची लिंक मी मोठ्या हुशारीनं थोडक्यात लिहिली होती: दोन टिंबं, एक तिरकी रेघ, पुढे 'अर्ज'. दोन टिंबांचा अर्थ, 'आहेस तिथून एक पायरी वर चढ'. वेबसाइटच्या कपाटात हे पान एका खणात होतं आणि अर्ज त्याच्या वरच्या खणात. फोटोचंही तसंच. पाठवण्याआधी मी माझ्या संगणकावर ते पान उघडून प्रत्येक लिंक दाबून बघितली. सगळ्या उघडल्या. पाठवलेलं पत्र मात्र उघडून बघितलं नाही. आपणच लिहिलेलं पत्र परत कोण वाचतं?

मग वाट बघणं सुरू झालं. सकाळी साकवावरून उतरलो की काकी ओटीवरूनच विचारायची, "आलं का रं कोन?"

"येतील. माणसं कामात असतात."

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "छप्पन जनं कामात?"

सहाव्या दिवशी तिनं विचारलंच नाही. मुड्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी लिवलं ते चेष्टेनं लिवलं आसंल. टेबलापुढं हुबं र्‍हायचं म्हनून लिवतात लोकं." तिचा मुलगा गिरणीवाल्याला विचारून आला, इतकं थोडं भात वेगळं भरडून देशील का म्हणून. मला वाईट वाटलं, पण लोकांबद्दल. लोकच असे, असं मी बायकोला दोन दिवस ऐकवलं.

नवव्या दिवशी नेरळहून फोन आला. निवृत्त पोस्टमास्तर होते, पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेला माझा नंबर त्यांनी शोधला होता. नेरळला इमारतींच्या मधोमध त्यांचं एक खाचर अजून शाबूत आहे.

"तुमचं पत्र मिळालं," ते म्हणाले. "बियाणं हवं असेल तर इथे दाबा, असं लिहिलंय."

"हो, हो. दाबा की."

"नऊ दिवस दाबतोय. दाबलं की माझ्याच पत्रांची यादी उघडते."

"तुमच्याच?"

"माझीच. मुलीचं पत्र, विजेचं बिल, तुमचं पत्र. परत तुमचं पत्र उघडतो, परत दाबतो, परत माझी यादी. आधी वाटलं, बियाणं माझ्याकडेच आहे असं तुम्हाला सुचवायचंय."

"फोटो तरी दिसतोय का मुड्याचा?"

"चौकट दिसते. आत फाटक्या कागदाचं चित्र आहे. ते भात आहे का?"

मी फोन ठेवला आणि पाठवलेलं पत्र पहिल्यांदा उघडून बघितलं. फाटक्या कागदाचं चित्र. ते भात नव्हतं.

इथून पुढचे तीन दिवस मी जे केलं त्याची मला लाज वाटायला हवी, पण खरं सांगायचं तर मजा आली. पत्र दुरुस्त करून परत पाठवणं हे दहा मिनिटांचं काम होतं. ते सोडून मी लिंक नेमकी कुठे जाते याच्या मागे लागलो. प्रयोगशाळेतली खोड. एकच नमुना चार भांड्यांत घालून बघायचा.

बायकोच्या मोबाइलवर लिंक निळी दिसायची, पण दाबली तर मुकी. दाबत राहा, ढिम्म हलत नाही. कशेळ्याच्या बाजाराला गेलो तेव्हा झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर बघितली. तिथे ती जायची, पण 'असं पान नाही' असं सांगणाऱ्या पांढऱ्या पानावर. झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, पानच नाय तर प्रिंट कशाची काढू?" मोहोपाड्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याचंही नाव वहीत होतं. त्याच्याकडे लिंकच नव्हती, 'इथे दाबा' हे नुसते काळे शब्द. "मी शब्दांवर दाबतोय," तो म्हणाला, "स्क्रीनला बोटाचे डाग पडले." आणि पोस्टमास्तरांकडे ती त्यांच्याच घरी परत येत होती.

एक पत्र, चार ठिकाणी चार तऱ्हा. मग मी पत्राचा मूळ मजकूर उघडला, म्हणजे सजावटीच्या मागचा कच्चा माल, आणि तिथे माझी दोन टिंबं बसलेली दिसली. एक पायरी वर चढ. पण कुठून? वेबसाइटवरच्या पानाला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून 'इथून वर' म्हटलं की त्याला कळतं. पत्राला पत्ता नसतो. पत्र ज्याच्या पेटीत पडलं तिथे ते पडून असतं, आणि 'इथून वर' वाचलं की वाचणारा प्रोग्रॅम आपल्या बुद्धीनं 'इथून' ठरवतो. पोस्टमास्तरांचा प्रोग्रॅम समजला, इथून म्हणजे माझ्यापासून. त्यानं स्वतःचाच पत्ता पुढे जोडला आणि त्यांना त्यांच्या दारात आणून सोडलं. बायकोच्या मोबाइलनं ठरवलं, नसत्या भानगडीत पडायचं नाही. त्याचं वळण तिच्यावर गेलंय.

यावर एक तोडगा असतो, असं वाचलं. पत्राच्या माथ्यावर एकदाच लिहून ठेवायचं की या पत्रातले सगळे अर्धे पत्ते अमुक ठिकाणापासून मोजावेत. मला हे फार आवडलं. दुसरा अख्खा दिवस त्यात घालवला. झेरॉक्सवाल्याकडे चाललं. बायकोच्या मोबाइलवर नाही. शोधलं तर कळलं, बरेचसे प्रोग्रॅम सुरक्षेसाठी आलेल्या पत्राचं डोकंच उडवतात आणि धड तेवढं दाखवतात. माझी सूचना डोक्यात होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकीचा मुलगा साकवावरून आला आणि दारातूनच म्हणाला, "दादा, रविवारी गिरणी चालू हाय. आय इचारते, काय करू?"

तेव्हा मला मुडा आठवला. खरंच सांगतो, तीन दिवस आठवला नव्हता. पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्याबरोबर गेलो.

काकी ओटीवर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं: लोक वाईट नव्हते, मी वाईट होतो, कपाट, खण, दोन टिंबं, एक पायरी वर. ती ऐकत होती. मधेच तिनं चोळणं थांबवलं.

"म्हंजे तू पत्रात 'आपल्या घरी या' आसं लिवलंस."

"नाही काकी, तसं नाही, हे तांत्रिक..."

"आरं, 'आपल्या घरी या' लिवलं, तर वाचनारा म्हनतो, आपल्या म्हंजे माज्याच. मी तर घरातच हाय. आनखी कुटं येऊ?"

मी तीन दिवसांत आठ पानं वाचून जिथे पोचलो होतो तिथे ती तेलाच्या वाटीवर बोट ठेवून पोचली. मला जरा रागच आला.

"मंग पुरता पत्ता का नाय टाकत?" तिनं विचारलं.

पुरता पत्ता टाकणं हाच उपाय होता. प्रत्येक लिंकमध्ये वेबसाइटच्या नावापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं लिहायचं, मग पत्र कुठेही पडो. त्या रात्री मी तसं केलं. या वेळी पत्र आधी बायकोला पाठवलं, तिच्या मोबाइलवर दाबून बघितलं, आणि मगच छप्पन्न जणांना. खाली लिहिलं: रविवारी सकाळी दहाला या, बियाणं घेऊन जा, नाहीतर दुपारी गिरणीला जाईल.

नकाशाची लिंक मात्र टाकली नाही. लिंकांवरचा विश्वासच उडाला होता. म्हटलं, घराचा पत्ता आपला साध्या मराठीत लिहावा. शब्द कुठे तुटत नाहीत. मोठ्या समाधानानं लिहिलं: 'गाडी साकवाच्या अलीकडे लावावी. साकव ओलांडून पलीकडे यावं. डाव्या हाताचं तिसरं घर.'

दोन दिवसांत चौदा अर्ज आले. एका पनवेलच्या बाईंनी अर्जाखाली विचारलं होतं, "वरचा भात म्हणजे प्रीमियम का?" मी काकीला विचारलं, वरचा का म्हणतात. ती म्हणाली, सासूच्या माहेरी तो वरच्या खाचरात व्हायचा म्हणून. "आणि तुझ्याकडे?" "माज्याकडं खालच्याच खाचरात. पन नाव वरचाच." बाईंना मी 'हो' असं कळवलं.

रविवारी साडेनऊलाच मी काकीच्या ओटीवर जाऊन बसलो. मुलानं मुडा खाली काढून ठेवला होता, शेजारी माप, आणि दाराशी मोटरसायकल उभी. मागच्या सीटवर रिकामं पोतं आणि दोरी. ती गिरणीची तयारी होती. 

दहाला पोस्टमास्तर आले. नेरळहून कर्जतमार्गे, कापडी पिशवी घेऊन. "पत्ता चोख होता," ते म्हणाले. "जरासुद्धा विचारावं लागलं नाही." मी काकीकडे बघितलं. तिनं बघितलं नाही.

सव्वादहा झाले. साडेदहा. पोस्टमास्तरांचा चहा झाला. काकीनं त्यांना विचारलं, रोपांसाठी राब भाजला का, शेण कुठून आणता. मग तेही विषय संपले. पावणेअकराला काकीचा मुलगा उठून पोत्याची घडी उलगडायला लागला.  काकीनं मुड्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"एक तरी आला," ती पोस्टमास्तरांना म्हणाली. "तुमी न्या जास्त."

"माझं खाचर केवढंसं," ते म्हणाले. "या सगळ्याला जागा कुठली?"

माझा फोन वाजला. बायको.

"अहो, आपल्याकडे माणसं का आली आहेत?"

"कसली माणसं?"

"आठ-नऊ आहेत. आणखी साकवावरून येताना दिसतायत. भात मागतायत. मी डब्यातला कोलम दाखवला. एक बाई म्हणतात, हा वरचा आहे का? म्हटलं, वरचा-खालचा काही नाही, डबा एकच आहे."

मी उभा राहिलो आणि ओढ्याकडे बघितलं. साकवाच्या या काठाला, काकीच्या बाजूला, चौक गावाकडून येणाऱ्या रस्त्यावर चार गाड्या ओळीनं उभ्या होत्या. पनवेल, मोहोपाडा, खालापूरकडची माणसं त्या रस्त्यानं येतात. गाडी साकवाच्या अलीकडे लावली, साकव ओलांडला, माणसं पलीकडे गेली, डाव्या हाताचं तिसरं घर. माझं. मी पत्र त्या घरात बसून लिहिलं होतं.

"त्यांना थांबव," मी फोनवर ओरडलो.

"थांबलेच आहेत. चहा टाकलाय. दूध संपलं. येताना आणा."

या वयात धावू नये असं डॉक्टरनं सांगितलंय. साकवाच्या मध्यावर मला समोरून येणारे पाच जण भेटले, त्यांना मी आल्या पावली मागे वळवलं, आणि मग लक्षात आलं की ते चुकलेले नव्हतेच. कर्जतच्या बाजूनं आलेले, बरोबर चाललेले होते. त्यांना परत उलटं वळवलं. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "नक्की कुठल्या पलीकडे?" माझ्या अंगणात नऊ जण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. पनवेलच्या बाई आमच्या कोलमाचा फोटो काढत होत्या. सगळ्यांना गोळा करून पुढे निघालो. वरातीपुढे वाजंत्री चालतात तसा मी पुढे.

काकी उभी राहिली होती. गुडघे धरून, पण उभी. मुलानं पोतं मोटरसायकलवरून काढून अंगणात अंथरलं आणि त्यावर मुडा सोडला. लाल भात पसरलं तशी माणसं आपोआप खाली बसली. काकीनं पहिलं माप भरलं. आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. ती मोठ्यानं "लाभ" म्हणाली आणि ते पोस्टमास्तरांच्या पिशवीत ओतलं. मग दोन, तीन. प्रत्येकाला ती तेच विचारत होती: जमीन कुठं हाय, पानी थांबतं का, कोन लावनार. पनवेलच्या बाई म्हणाल्या, गच्चीवर पिंपात लावणार. काकीनं भरलेलं माप निम्मं परत पोत्यावर ओतलं. मग अर्धंच माप दिलं, पण दिलं. पोस्टमास्तरांकडे जेवढी जागा त्याच्यापेक्षा जास्त भात गेलं. मोहोपाड्याचा माझा सहकारी उरलेल्यातलं निम्मं घेऊन गेला. त्याच्या भावाची जमीन पडून आहे. पोत्याच्या कोपऱ्यात शेवटी दोन-तीन ओंजळी राहिल्या. त्या काकीनं फडक्यात बांधून परत आढ्याला टांगल्या. 

मोटरसायकल गिरणीला गेली नाही. दूध आणायला गेली.

माणसं पांगल्यावर मी ओटीवर टेकलो. दम अजून बसला नव्हता. पोस्टमास्तर पिशवीचं तोंड बांधत होते.

"पण माझा पत्ता बरोबर होता की नाही?" मी त्यांना म्हटलं. "तुम्हीच म्हणालात, चोख."

"मी तुमच्या बाजूनं आलो," ते म्हणाले.

"तेच. बरोबर होता. काकी, साकव ओलांडून पलीकडे, डाव्या हाताचं तिसरं. सांग यात काय चुकलं?"

काकी सांडलेले दाणे बोटांनी वेचत होती. वर न बघता म्हणाली, "चुकलं काय नाय रं. पन मानसं काय तुज्या मांडीवर बसून पत्रं वाचतात?"